‘लागणे’ कसं वाचावं: एका रोजच्या क्रियापदाचा मागोवा

कविता किंवा कथा बारकाईने वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकाचं लक्ष आधी नामांकडे जातं. चंद्र, वाट, पाखरू, दिवा अशा शब्दांखाली रेघा मारल्या जातात आणि प्रत्येकाचं प्रतीक शोधलं जातं. क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं, ओळखीचं असतं, म्हणून त्याच्यावरून नजर घसरते. खरं तर मराठीत अर्थाची बरीच उलाढाल त्या टोकालाच होते. नामं तीच ठेवून क्रियापद बदललं, तर सगळ्या वाक्याचा कल बदलतो.

हा लेख एकाच क्रियापदाबद्दल आहे: लागणे. ते निवडण्याचं कारण सोपं आहे. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, वेड लागतं, अर्थ लागतो, पैसे लागतात, आणि कधी कधी नुसतंच ‘लागतं’. इतकं कामसू क्रियापद मराठीत दुसरं क्वचितच सापडेल. एकदा हे नीट वाचता आलं, की हीच रीत ‘पडणे’, ‘सुटणे’, ‘उठणे’, ‘येणे’ यांनाही चालते. खालच्या पायऱ्या क्रमाने करा. कोश मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

पायरी 1: आधी स्वतःच्या तोंडचे वापर गोळा करा

एक कागद घ्या आणि ‘लागणे’ वापरून सुचतील तेवढी वाक्यं लिहा. ती साहित्यातली नकोत, बोलण्यातली हवीत. पंधरा-वीस सहज निघतील. मग त्यांचे ढीग करा. साधारण असे ढीग पडतात:

स्पर्शाचे आणि चिकटण्याचे: भिंतीला हात लागला, कपड्याला रंग लागला, दार लागलं.
शरीराला होणारे: भूक, तहान, उचकी, ठेच, झोप, धाप.
मनाला होणारे: ओढ, ध्यास, छंद, वेड, घोर, हुरहूर.
गरजेचे: चहाला दूध लागतं, पोचायला तास लागतो.
नात्याचे: तो माझा मामा लागतो.
वाटेवरचे: पुढे नदी लागते, मग गाव लागतं.
दुसऱ्या क्रियापदाला जोडून येणारे: ती बोलू लागली, तिला बोलावं लागलं.

तुमचे ढीग वेगळे पडले तरी चालतील. एखादं वाक्य दोन ढिगांत बसेल. ‘मला बस लागते’ हे घ्या. बसमध्ये मळमळतं असाही त्याचा अर्थ होतो आणि कामावर जायला बस हवी असते असाही होतो. अशा वाक्यांवर खूण करून ठेवा. लेखकाला खेळायला जागा मिळते ती अशाच ठिकाणी.

पायरी 2: सगळ्या ढिगांखालचा स्पर्श शोधा

संस्कृतात ‘लग्’ हा धातू आहे. चिकटणे, जोडलं जाणे हा त्याचा अर्थ. प्राकृतात ‘लग्ग’ झाला आणि मराठीत ‘लाग’. संलग्न, लगत, लागण, लागवड ही सगळी त्याच कुळातली. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा, आणि त्याचा मूळ अर्थ जोडलेलं, चिकटलेलं. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला टेकलेल्या राशीला लग्न म्हणतात ते यामुळेच. म्हणजे ‘लग्न लागलं’ या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो, आणि बोलताना आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

इथे एक सावधगिरी. दिसायला सारखे शब्द एका मुळाचे असतीलच असं नाही. ‘लावण्य’ हा शब्द ‘लावणे’चा नातेवाईक वाटतो, पण तो ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आला आहे. मूळ ठाऊक नसेल तर त्यावर अर्थाचे इमले बांधू नका.

आता पहिल्या पायरीतली वाक्यं पुन्हा वाचा आणि प्रत्येकात काय कशाला टेकलं ते विचारा. रंग कपड्याला टेकला, हे उघड आहे. प्रवासात गाव ‘लागतं’, कारण चालणाऱ्याचा रस्ता त्या गावाला जाऊन भिडतो. मामा ‘लागतो’, कारण नातं म्हणजे जोडलेपण. पाऊस ‘लागतो’ तेव्हा तो येऊन जात नाही, चिकटून बसतो. चहाला दूध ‘लागतं’ इथे स्पर्श पुष्कळ पुसट झाला आहे, तरी त्याच्याशिवाय हे जमत नाही हे जोडलेपण उरतं. प्रत्येक वापरात स्पर्श कमीअधिक शिल्लक आहे, आणि साहित्यात हाच उरलेला अंश कामाला येतो.

पायरी 3: वाच्यार्थ कुठे अडतो ते पाहा

शाळेत अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, देणारी), लक्षणा (सरळ अर्थ अडला की त्याच्याशी जोडलेला दुसरा, म्हणजे लक्ष्यार्थ, देणारी) आणि व्यंजना (आडून सुचणारा अर्थ देणारी) या तीन शब्दशक्ती शिकवतात आणि बहुतेक जण परीक्षेनंतर त्या विसरतात. लक्षणेची जुनी व्याख्या मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वाचताना ती हत्यारासारखी वापरता येते. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी सांगितल्या: मुख्य अर्थाला अडथळा आला पाहिजे, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी संबंध असला पाहिजे, आणि असं बोलण्यामागे एक तर रूढी असली पाहिजे किंवा काही हेतू.

‘त्याचं बोलणं मला लागलं’ हे वाक्य यातून काढू. बोलण्याला वस्तुमान नाही, ते अंगाला टेकू शकत नाही. इथे मुख्य अर्थ अडला. पण दगड लागला की दुखतं, बोलण्यानेही दुखतं. हा झाला संबंध. आणि असं म्हणायची पद्धत आहे, म्हणजे रूढी. इतकं लावून पाहिलं की वाक्यात एक दगड दिसू लागतो, जो तिथे लिहिलेला नाही.

तिसऱ्या अटीतला ‘रूढी किंवा हेतू’ हा भेद पाचव्या पायरीत पुन्हा लागेल.

पायरी 4: कोणाला लागलं आणि काय लागलं, हे विभक्तीतून वाचा

ही पायरी सगळ्यात मोलाची आहे. इथे घाई करू नका.

‘मला भूक लागली’ या वाक्यात क्रियापद कोणाप्रमाणे चालतं? भुकेप्रमाणे. भूक स्त्रीलिंगी, म्हणून ‘लागली’. बोलणारा पुरुष असो की बाई, ‘लागली’ बदलत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता भूक आहे, आणि ज्याचं पोट रिकामं आहे तो ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. ठेच तर त्याहून नवलाची. पाय मी आपटला, दगड जागेवरच होता, तरी भाषा म्हणते की ठेच येऊन मला लागली.

म्हणजे ‘लागणे’ वापरलं की माणसाच्या हातून करतेपण जातं. गोष्ट येते आणि त्याला चिकटते. ‘त्याने प्रेम केलं’ आणि ‘त्याला वेड लागलं’ यांत केवळ तीव्रतेचा फरक नाही. पहिल्या वाक्यात त्याने काही केलं, त्याचा जाब त्याला विचारता येईल. दुसऱ्यात त्याच्यावर काहीतरी आलं. कथा वाचताना निवेदक आपल्या पात्राला कुठे कर्ता ठेवतो आणि कुठे ‘त्याला’ करून सोडवतो, हे नोंदवत गेलात तर निवेदक कोणाची बाजू घेतो आहे ते कळायला लागतं.

आता ही जोडी पाहा: ‘त्याला नाद लागला’ आणि ‘तो नादी लागला’. शब्द जवळपास तेच. पहिल्यात नाद आला आणि त्याला धरला. दुसऱ्यात तो स्वतः चालत गेला. आई मुलाबद्दल बोलताना पहिलं म्हणेल, शेजारी दुसरं म्हणतील. एका विभक्तीच्या फरकाने दोष इकडचा तिकडे जातो.

अशाच आणखी काही जोड्या:

‘अभ्यासात मन लागलं’ यात मन जाऊन टेकतं आणि सुख होतं. ‘बोलणं मनाला लागलं’ यात दुसरं काही येऊन मनाला टेकतं आणि जखम होते. टेकवणारं कोण आणि टेकून घेणारं कोण, एवढ्याने माया आणि मार यांची अदलाबदल होते.

‘कागद हाती लागला’ म्हणजे सापडला. ‘कागद हाताला लागला’ म्हणजे स्पर्श झाला, किंवा कडेने कापलं. ‘कागदाला हात लागला’ म्हणजे कोणीतरी तो हलवला असण्याची शंका.

‘डोळा लागला’ म्हणजे झोप आली. ‘डोळे लागले’ म्हणजे झोप उडाली, कोणाची तरी वाट पाहणं चालू आहे. एकवचनाचं अनेकवचन केलं आणि अर्थ उलटा झाला. नव्या वाचकाला मी हे उदाहरण आवर्जून देतो, कारण यात दाखवण्यासारखं सगळंच आहे: शब्द तेच, चित्र तेच, आणि मनाची अवस्था दोन टोकांची.

भावनांच्या बाबतीत आणखी एक निरीक्षण करा. राग येतो. आनंद होतो. कीव येते. पण ओढ लागते, ध्यास लागतो, आस लागते, घोर लागतो, रुखरुख लागते. प्रमाण मराठीत ‘मला राग लागला’ असं कोणी म्हणत नाही, कारण राग येऊन जाणारा आहे. ज्या भावना येतात आणि मग निघता निघत नाहीत, त्या ‘लागणे’कडे आल्या आहेत. भाषेने ही विभागणी कोणी शिकवल्याशिवाय केली आहे आणि ती जवळपास अचूक आहे. त्यात ‘राहणे’ जोडलं की चिकटणं आणखी लांबतं: हुरहूर लागून राहिली.

ताडून पाहायला उलट शब्द शोधा. जे लागतं ते जातं कसं? ग्रहण सुटतं, व्यसन सुटतं, नाद सुटतो. भूक मात्र सुटत नाही, भागते. झोप उडते किंवा मोडते. आस तुटते. समाधी भंगते. सुटण्याचा प्रकार पाहिला की चिकटण्याचा प्रकार कळतो: गाठ होती, आग होती की काच होती.

पायरी 5: रूढ आणि जिवंत यांतला फरक करा

मम्मटाचा भेद इथे उपयोगी पडतो. ‘पक्षाला गळती लागली’, ‘कारखान्याला घरघर लागली’, ‘प्रकल्पाला ग्रहण लागलं’ ही रोजच्या बातम्यांची भाषा आहे. एके काळी यातलं प्रत्येक चित्र ताजं असेल. घरघर म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या घशातला आवाज, पण बातमी वाचताना तो कोणाला ऐकू येत नाही. ही रूढीने चालणारी लक्षणा. असा प्रयोग दिसला की थांबून त्यात खोल अर्थ शोधायची गरज नाही.

चांगला लेखक मात्र असं झिजलेलं चित्र पुन्हा उजळतो. त्याची एक नेहमीची युक्ती म्हणजे वाच्य आणि लक्ष्य अर्थ एकाच क्रियापदाला जुंपणं. समजा कथेत असं आलं:

‘घराला वाळवी लागली होती. आधी दाराच्या चौकटीला, मग भावाभावांच्या बोलण्याला.’

पहिल्या वाक्यात वाळवी खरी आहे. चौकटीपर्यंत ती खरीच राहते. ‘बोलण्याला’ या शब्दावर ती एकदम दुसरी होते, पण क्रियापद पुन्हा लिहिलेलं नाही, पहिलंच पुरवून वापरलं आहे. त्यामुळे बोलण्यातही भुसा पडताना दिसतो. ‘भावाभावांत वितुष्ट आलं’ असं लिहिलं असतं तर माहिती तीच मिळाली असती, भुसा दिसला नसता.

आपल्या म्हणींनी हे फार आधी साधलं आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ वाण म्हणजे रंग. रंग ही खरोखर अंगाला लागू शकणारी गोष्ट, पण ती लागली नाही. गुण ही अंगाला न लागणारी गोष्ट, आणि ती लागली. म्हण आधी वाच्यार्थ समोर धरते, त्याला नकार देते, आणि त्याच क्रियापदावर लक्ष्यार्थ आणून बसवते. एवढ्या थोड्या शब्दांत इतकी कसलेली रचना आहे ही.

संवादातही हे घडवता येतं.

‘तो तुझा कोण लागतो?’
‘लागत कोणी नाही. पण तो लागतो.’

पहिलं ‘लागणे’ नात्याचं, शेवटचं गरजेचं. उत्तर देणाऱ्याने प्रश्नातलंच क्रियापद उचललं आणि त्याचा ढीग बदलला. असा बदल दिसला की समासात खूण करा. पात्रांमधलं बरंचसं न बोललेलं तिथे सापडतं.

पायरी 6: जोडून येणाऱ्या ‘लागणे’चे दोन रस्ते

हे थोडक्यात. ‘ऊ’नंतर लागणे आलं तर सुरुवात: ती रडू लागली. ‘आवं’नंतर आलं तर भाग पडणं: तिला रडावं लागलं. पहिल्यात ‘ती’ कर्ती आहे, दुसऱ्यात पुन्हा ‘तिला’ झाली. शोकाच्या प्रसंगी पहिलं वाक्य हुंदका दाखवतं, दुसरं लोकलाज दाखवतं. लेखकाने यांतलं कोणतं निवडलं यावर पात्राबद्दलचं आपलं मत ठरतं, आणि अनेकदा ते ठरल्याचं आपल्याला कळतही नाही.

पायरी 7: एक अभंग पूर्ण वाचा

आता सगळं एकत्र लावून पाहू. सतराव्या शतकातल्या तुकारामांचा हा अभंग बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. (प्रतींमध्ये लेखनाचे बारीक फरक आढळतात.)

भेटीलागीं जीवा लागलीसे आस ।
पाहे रात्रंदिवस वाट तुझी ॥
पूर्णिमेचा चंद्रमा चकोरा जीवन ।
तैसें माझें मन वाट पाहे ॥
दिवाळीच्या मुळा लेकी आसावली ।
पाहतसे वाटुली पंढरीची ॥
भुकेलिया बाळ अति शोक करी ।
वाट पाहे परि माउलीची ॥
तुका म्हणे मज लागलीसे भूक ।
धावूनि श्रीमुख दाखवी देवा ॥

पहिली ओळ घ्या. ‘भेटीलागीं’ मधलं ‘लागीं’ हे जुन्या मराठीतलं शब्दयोगी अव्यय, अर्थ ‘साठी’. तेही ‘लागणे’च्याच घरचं. म्हणजे एका ओळीत तोच धातू दोनदा आला: एकदा झिजून नुसता ‘साठी’ झालेला, एकदा पूर्ण क्रियापद म्हणून जिवंत. ‘जीवा’ म्हणजे जीवाला, चौथ्या पायरीतला तो ‘मला’ इथे आहे. आस कर्ता आहे, जीव सोसणारा आहे. आणि ‘लागलीसे’ म्हणजे ‘लागली असे’, लागली आहे. चिकटली आणि अजून सुटलेली नाही, हे एका शब्दात आलं.

मग मधल्या तीन कडव्यांत ‘लागणे’ गायब होतं आणि ‘वाट पाहणे’ सगळा भार उचलतं. चकोर चंद्राची वाट पाहतो. सासरी असलेली लेक दिवाळीला माहेरच्या मुळाची, म्हणजे न्यायला येणाऱ्या माणसाची वाट पाहते. बाळ आईची वाट पाहतं. चित्रं जशी पुढे सरकतात तशी ती जवळ येतात, हे पाहा. आधी आकाशातला चंद्र आणि कवितेतला पक्षी, मग घरातली लेक, मग तान्हं मूल. आणि मुलाची भूक मात्र अगदी खरी, पोटातली.

त्या खऱ्या भुकेला लागूनच शेवटचं कडवं येतं: ‘मज लागलीसे भूक.’ ‘लागलीसे’ जसंच्या तसं परत आलं आहे, फक्त आधी त्याच्याशी ‘आस’ होती, आता ‘भूक’ आहे. सुरुवातीला ‘जीवा’ होतं, आता ‘मज’ आहे. आडपडदा गेला. इथवर कोणाला वाटेल की भूक हा शब्द वाच्यार्थाने आला, पण पुढची ओळ मुख्य अर्थ अडवते. ही भूक अन्नाने भागणारी नाही, श्रीमुख दिसलं तरच भागेल. बाळाला आई हवी असते तेव्हा त्याची भूक आणि त्याची ओढ वेगळी करता येत नाही, तो क्षण तुकारामांनी पकडला आहे. लक्ष्यार्थ वाच्यार्थातूनच जन्मतो, त्याला बाजूला सारून नव्हे. ‘मज लागलीसे आस’ असं शेवटी पुन्हा म्हटलं असतं तर अभंग सुंदर राहिला असता, पण पोटापर्यंत पोचला नसता.

हा अभंग मोठ्याने म्हणा. दोन्ही ‘लागलीसे’ एकाच जागी, चरणाच्या उत्तरार्धात पडतात. कानाला ती जागा ओळखीची झालेली असते, म्हणून शेवटी बदललेला शब्द अधिक जाणवतो.

पायरी 8: ‘लागणे’ आणि ‘लावणे’ शेजारी ठेवा

‘लागणे’ आपसूक होतं, ‘लावणे’ कोणीतरी करतं. दिवा लागतो आणि दिवा लावतात. जीव लागतो आणि जीव लावतात. ‘मनाला लागलं’ यात दोष बोलणाऱ्याचा, ‘मनाला लावून घेतलं’ यात ऐकणाऱ्याचा. घरातली भांडणं कित्येकदा या दोन प्रयोगांतल्या फरकावरच चालतात.

कथेत या फरकावर एखादा प्रसंग उभा राहू शकतो. हा लहानसा उतारा पाहा:

‘दिवे लागले. रस्त्यावरची वर्दळ कमी झाली, तरी तिचे डोळे दाराकडे लागलेले. मध्येच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दार लावलेलं होतं.’

सुरुवातीला तीन वेळा ‘लागणे’ आहे. दिवे, डोळे, डोळा. काहीही कोणी केलेलं नाही, सगळं आपोआप होतं आहे, आणि ती नुसती बसून आहे. शेवटी एकच ‘लावणे’ येतं. दार लावलेलं आहे म्हणजे कोणीतरी ते लावलं. तो येऊन गेला, किंवा आत आला. इथे ‘दार लागलेलं होतं’ असं लिहून पाहा. वाऱ्याने लागलं असेल, आणि तिची वाट पाहणं संपलेलंच नाही. एका अक्षराने कथेचा शेवट बदलतो.

जुन्या कवितेतलं उदाहरण म्हणजे ज्ञानेश्वरांच्या नावावरचा ‘मोगरा फुलला’ हा अभंग. ‘इवलेसे रोप लावियेले द्वारी, तयाचा वेलु गेला गगनावेरी.’ रोप ‘लावियेले’, म्हणजे कोणीतरी ते मुद्दाम लावलं. पण लावणाऱ्याचं नाव ओळीत नाही. पुढची क्रियापदं मात्र वेलीची स्वतःची आहेत: वेल ‘गेला’, मोगरा ‘फुलला’. माणसाचं काम इवलंसं रोप लावण्यापुरतं, बाकीचं आपण होतं. दारातला मोगरा म्हणून वाचलं तरी हे खरं आहे आणि साधना म्हणून वाचलं तरी खरं आहे. वाच्यार्थाला इथे कुठेच अडथळा येत नाही, गगनापर्यंत जाणारी वेल तेवढी थोडी जास्तीची. म्हणून हा अर्थ लक्षणेपेक्षा व्यंजनेने येतो असं मी म्हणेन: वरचा अर्थ मोडत नाही, त्याच्या आड दुसरा उमटतो.

पायरी 9: आता कोश उघडा

कोश आता कामाचा, कारण काय शोधायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली पहिल्यांदा निघाला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखालचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. दोन्ही आता संगणकावर शोधता येतात. वाक्प्रचारांसाठी दाते-कर्व्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ पाहावा.

कोशातले क्रमांक पाठ करू नका. त्यांतली उदाहरणं वाचा आणि ती आपल्या ढिगांत टाकून पाहा. जुने आणि आज न वापरले जाणारे अर्थ वेगळे काढून ठेवा, कारण संतकाव्य वाचताना तेच कामी येतात. ‘लागीं’चा अर्थ ठाऊक नसेल तर ‘भेटीलागीं’ हा शब्द एखाद्या अनोळखी नामासारखा वाटतो आणि पहिलीच ओळ हातातून निसटते.

पायरी 10: स्वतः लिहिताना

तुम्ही लिहीत असाल तर आपला एखादा जुना मजकूर काढा आणि त्यातली ‘लागणे’ची रूपं अधोरेखित करा. प्रत्येकापुढे ‘केलं’ किंवा ‘लावलं’ टाकून पाहा. वाक्य जिथे जास्त खरं होतं तिथे बदला. पात्राने निर्णय घेतला असताना ‘त्याला जावं लागलं’ लिहिणं ही पळवाट असते, आणि वाचकाला ती कळते. उलट, ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या माथी ‘त्याने केलं’ मारू नका.

‘सुरुवात’ म्हणून येणारं ‘लागणे’ निम्मं तरी काढता येतं. ‘तो चालू लागला, ती हसू लागली, पाऊस पडू लागला’ अशा रांगेत प्रत्येक गोष्ट नुसती सुरू होत राहते, घडत काहीच नाही. ‘तो निघाला, ती हसली, पाऊस आला’ यात अंग आहे.

घरघर, गळती, ग्रहण, ओहोटी, कीड ही चित्रं वापरायची असतील तर त्यांच्याजवळ एखादी खरी वस्तू ठेवा, जिला ती खरोखर लागू शकेल. ते जमत नसेल तर साधं वाक्य लिहा. साध्या वाक्याने लेखनाचं काही बिघडत नाही.

यानंतर ‘सुटणे’ घ्या. बस सुटते, गाठ सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, पोट सुटतं, ताबा सुटतो, कोडं सुटतं. कागद घ्या, ढीग करा, आणि प्रत्येक ढिगात विचारा की कोण कोणापासून मोकळं झालं.